मुलांचा रक्ताचा कर्करोग : मूल बरे दिसू लागल्यानंतरची दोन वर्षे

तासगावची आई

नमस्कार. आमच्या मुलाला पाचव्या वर्षी अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाल्याचे निदान झाले. लहान मुलांच्या कर्करोगांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा आजार आहे. मुंबईत टाटा रुग्णालयात त्याचे उपचार पूर्ण झाले, त्याला आता बराच काळ लोटला असून तो नियमित शाळेत जातो. निदानाचा धक्का, पहिली कीमो, केस गळणे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र त्यानंतरच्या काळाविषयी लिहायचे आहे, ज्या काळात मूल खेळू लागते, त्याचे केस परत येतात आणि घरातल्यांना वाटू लागते की आता औषधे कशासाठी. रुग्णालयात ज्या कुटुंबांशी आमची ओळख झाली, त्यांपैकी काहींनी उपचार अर्ध्यावर सोडले ते याच टप्प्यावर, आणि त्या मुलांची आठवण झाली की मला अजूनही स्वस्थ बसवत नाही.

उपचारांचा साधारण आराखडा असा असतो. पहिल्या चार-पाच आठवड्यांत स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टीन, ॲस्पॅराजिनेज अशी औषधे एकत्र देऊन आजाराच्या पेशी शक्य तितक्या नष्ट करतात. याच काळात मेंदूभोवतीच्या द्रवात आजार लपून राहू नये म्हणून पाठीच्या मणक्यातूनही इंजेक्शने देतात. त्यानंतर काही महिने वेगवेगळ्या औषधांचे जोरदार टप्पे होतात आणि शेवटी साधारण दोन वर्षांचा मेन्टेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून सौम्य औषधांचा लांब टप्पा असतो. मेन्टेनन्समध्ये रोज सिक्स एमपी या कीमोच्या औषधाची गोळी, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट ही दुसरी गोळी, दर तीन महिन्यांनी पाठीतले इंजेक्शन आणि अधूनमधून रक्ततपासणी एवढेच उरते. वरवर पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटते, आणि गैरसमजाची सुरुवात येथेच होते.

पहिल्या महिन्यानंतर डॉक्टर सांगतात की बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, स्वच्छ आहे. घरी हा निरोप पोहोचतो तेव्हा त्याचा अर्थ ‘बरा झाला’ असाच घेतला जातो. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न दिसणे आणि पेशी शिल्लक नसणे यांत फार मोठे अंतर आहे. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात आजाराच्या पेशींची संख्या लाख कोटींच्या घरात असू शकते. त्यातल्या नव्याण्णव टक्के मेल्या, तरी उरलेल्या पेशी अब्जावधी असतात. म्हणूनच एमआरडी नावाची तपासणी करतात, जी दहा हजार पेशींमधली एक आजारी पेशीसुद्धा हुडकू शकते. ती तपासणी चांगली आली तरीही मेन्टेनन्स टळत नाही, कारण तिच्या नजरेपलीकडेही पेशी असू शकतात.

हे सारे वैद्यकशास्त्राला अनुभवातून उमगले आहे. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिले, जे आपल्या आंध्रातून अमेरिकेला गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने प्रयोगशाळेत तयार केले होते. मुले उठून बसली, हिंडू-फिरू लागली, आणि काही महिन्यांत आजार परतला. पुढे सिक्स एमपी आले, तेव्हाही एकट्या औषधाने तसेच घडले. अनेक औषधे एकत्र द्यायची, मेंदूकडचा भाग वेगळा सांभाळायचा आणि मूल निरोगी दिसत असतानाही उपचार पुढे चालू ठेवायचे, ही पद्धत १९६० च्या दशकात रुजू लागली, आणि त्यानंतरच कायमची बरी होणारी मुले संख्येने वाढत गेली. आज प्रगत देशांत या आजाराची दहापैकी साधारण नऊ मुले बरी होतात. म्हणून मला रोजची ती छोटी पिवळसर गोळी देताना कधी कंटाळा आला नाही. त्या गोळीमागे किती आयांची मुले गेली आहेत, हे मला ठाऊक होते.

घरातल्यांना समजावणे हे मात्र डॉक्टरांशी बोलण्यापेक्षा अवघड गेले. सासरे म्हणत, “पोर एवढे तजेलदार दिसतेय, आता पोटात विष कशाला घालता?” त्यांची माया खरी होती, म्हणून उत्तरही त्यांच्या भाषेत द्यावे लागले. आमची द्राक्षबाग आहे. माझे यजमान त्यांना एवढेच म्हणाले, “आबा, ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवा जोमदार आला म्हणून आपण डावणी रोगाची फवारणी बंद करतो का?” त्यानंतर आबांनी तो विषय काढला नाही, उलट गोळीची वेळ झाली की तेच हाक मारू लागले.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना पटत नाही. मेन्टेनन्समध्ये पांढऱ्या पेशींचे काउंट चांगले वाढले की आपल्याला आनंद होतो, पण डॉक्टर अशा वेळी गोळीचा डोस वाढवतात, कारण औषध पुरेसे लागू पडत असेल तर काउंट थोडे दबलेले राहायला हवेत. काउंट फार घसरले तर काही दिवस गोळ्या थांबवतात. हा तोल सांभाळण्यासाठी ठरलेल्या दिवशी रक्त तपासणे आणि अहवाल दाखवणे हेच खरे काम असते. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली तर तोंड सोलवटते, काउंट कोसळतात आणि जिवावर बेतू शकते. आम्ही दोन औषधांचे डबे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले होते आणि मेथोट्रेक्सेटचा वार दिनदर्शिकेवर वर्षभरासाठी आधीच लाल शाईने लिहून ठेवला होता.

गावात पुष्कळांनी विचारले की बागेतल्या फवारण्यांमुळे हे झाले का. आम्हीही डॉक्टरांना तेच विचारले होते. त्यांनी सांगितले की बहुतेक मुलांच्या बाबतीत या आजाराचे एखादे ठरावीक कारण दाखवता येत नाही आणि आई-वडिलांनी दोष शोधण्यात शक्ती घालवू नये. फवारणीच्या दिवशी मुलाला बागेपासून दूर ठेवण्याचा शहाणपणा आम्ही पाळला, पण अपराधीपणाचे ओझे घेतले नाही. काउंट कमी असताना जाड सालीची, सोलून खाता येणारी फळेच त्याला द्यायची होती, त्यामुळे भर हंगामात आमच्या मुलाने केळी आणि संत्री खाल्ली, द्राक्षे नाहीत. आता तो त्याची भरपाई करतो आहे.

ज्यांचे मूल आत्ता या टप्प्यावर आहे, त्यांनी मोकळेपणाने विचारावे. वैद्यकीय निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा.

कराडचा काका

ताई, आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. माझी चार वर्षांची पुतणी महिनाभर तापाने आजारी होती, पाय दुखतात म्हणून रडायची, नंतर अंगावर लाल ठिपके दिसू लागले. रक्ताच्या अहवालात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी दिसल्या आहेत आणि बोन मॅरोची तपासणी व्हायची आहे. एक हितचिंतक सांगतात की ताप उतरेपर्यंत स्टेरॉइड सुरू करा, मग मुंबईचे पाहू. भावाची शेती बेताची आहे. मुंबई, पुणे की येथेच, हा प्रश्न आहे.

तासगावची आई

दादा, सर्वांत आधी स्टेरॉइडबद्दल. बोन मॅरो आणि फ्लो सायटोमेट्री (पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत हे यंत्राने ओळखणे) या तपासण्या होण्यापूर्वी स्टेरॉइड दिले तर आजाराच्या पेशी तात्पुरत्या कमी होतात, त्यामुळे निदान धूसर होऊ शकते आणि आजार कोणत्या गटातला आहे हे ठरवणे अवघड जाते. तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय ते सुरू करू देऊ नका.

शहरापेक्षा विभाग पाहा. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग, फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रांची तपासणी, एमआरडी, चोवीस तास चालणारी रक्तपेढी आणि मुलांचा अतिदक्षता विभाग या गोष्टी जेथे एकत्र मिळतात, तेथे सुरुवातीचे महिने काढावेत. पहिल्या महिन्यातला धोका आजाराइतकाच जंतुसंसर्गाचाही असतो. मेन्टेनन्स सुरू झाल्यावर मात्र रक्ततपासणी आणि किरकोळ तक्रारींसाठी घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांची मदत घेता येते. आमचे मुंबईचे डॉक्टर डोस ठरवत आणि मिरजेचे बालरोगतज्ज्ञ तपासत. दोघांचे एकमेकांशी बोलणे होईल याची काळजी आम्ही पहिल्या भेटीपासूनच घेतली.

पैशांच्या बाबतीत, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस बसतात. रेशनकार्ड आणि मुलीचे आधार कार्ड घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्यांना भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. मुलीचे नाव रेशनकार्डावर चढवले आहे का, हे आजच पाहा. लहान मुलांचे नाव घालायचे अनेकदा राहून गेलेले असते. टाटामध्ये समाजसेवा विभाग आहे आणि मुलांच्या उपचारांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आर्थिक मदतीबरोबर इतर आधारही देते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. लहान मुले आणि त्यांच्या पालकांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे आहेत, तेथे उपचारांच्या काळात विनामूल्य राहता येते, पण नाव रुग्णालयामार्फत जावे लागते. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत मिळते. त्याचा अर्ज रुग्णालयाच्या सहीने भरून घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरणे हे मुलांना एसटीपेक्षा पुष्कळ सोसते.

कृष्णामाई

मी वयाने मोठी आहे, म्हणून प्रेमाने सांगते. औषधांनी शरीर पोखरून निघते. गुळवेलीचा काढा सकाळी दिला तर प्रतिकारशक्ती टिकते, असा आमच्या घरातला अनुभव आहे. मुख्य उपचार सोडू नयेत, पण सोबत हे द्यायला काय हरकत आहे?

तासगावची आई

मावशी, आपल्या सांगण्यामागची कळकळ मला समजते, आणि उपचार सोडू नयेत असे आपण स्पष्ट लिहिलेत याचा आनंद वाटला. तरीही या मुलांना काढा देऊ नये, असेच मी म्हणेन. सिक्स एमपी आणि मेथोट्रेक्सेट या दोन्ही औषधांचा भार यकृतावर पडतो, आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. यकृताच्या तपासणीत आकडे वाढले की ते औषधाने वाढले की काढ्याने, हे डॉक्टरांना उमगत नाही आणि मग गोळी थांबवावी लागते. जी गोळी एक दिवसही चुकू नये म्हणून आम्ही जपतो, ती अशा रीतीने आठवडेच्या आठवडे बंद राहू शकते. घरात आधीपासून काही दिले जात असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये, एवढी विनंती मी सर्वांनाच करीन.

मिरजेचा रक्तपेढी कर्मचारी

रक्ताविषयी थोडी भर घालतो. पहिल्या महिन्यात प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि पिशवी केवळ पाच दिवस टिकते. गावातली मंडळे एखाद्या जयंतीला मोठे शिबिर घेऊन एकाच दिवशी भरपूर रक्त देतात, ते मोलाचेच आहे. पण अशा मुलाला खरा उपयोग होतो तो बोलावल्यावर त्या दिवशी येणाऱ्या दात्यांच्या यादीचा. यंत्रावर एकाच दात्याकडून प्लेटलेट्स घेतात, तिला एसडीपी म्हणतात. तिला दीड-दोन तास लागतात, पण ती साध्या पाच-सहा पिशव्यांचे काम करते. रक्तदानानंतर पुरुषांना तीन महिने थांबावे लागते, प्लेटलेट्स दिल्यावर इतके थांबावे लागत नाही.

आई, वडील, सख्खी भावंडे यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त देऊ नये. पुढे बोन मॅरो प्रत्यारोपणाची वेळ आली तर ते अडचणीचे ठरू शकते, शिवाय जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका अधिक असतो. त्यासाठी पिशवीवर किरणांची प्रक्रिया करतात. ती झाली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

सांगलीवाडीचे एक पालक

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची मुलगी मेन्टेनन्समध्ये होती. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि सांगलीवाडी चहूबाजूंनी वेढली गेली होती. पावसाळ्यात नदीकाठच्या लोकांनी गोळ्यांचा जादा साठा जवळ ठेवावा, असे आम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे घर सोडताना आम्ही कपड्यांआधी तिची औषधे, फाइल आणि थर्मामीटर घेतला. मिरजेला नातेवाइकांकडे राहिलो, तेथेच रक्त तपासले आणि अहवालाचे छायाचित्र मुंबईला पाठवून डोस विचारला. निवारा केंद्रात जागा होती, पण गर्दीतल्या संसर्गाच्या भीतीने आम्ही तिला तेथे ठेवले नाही. पिण्याचे पाणी उकळूनच दिले. ताईंनी द्राक्षबागेचे लिहिले आहे तसे आमच्या भागात पुराचे आहे. ज्याने त्याने आपल्या गावाची अडचण डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावी, कारण मुंबईतल्या डॉक्टरांना कृष्णेचे पाणी कधी चढते हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

वाई तालुक्यातील एक वडील

मला या धाग्यात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या मुलीचा आजार मेन्टेनन्स चालू असतानाच परत आला. एकही गोळी चुकली नव्हती, एकही तारीख चुकली नव्हती. पुढचे उपचार झाले, प्रत्यारोपणाचीही तयारी झाली, पण ती राहिली नाही. त्यानंतर आम्हाला सर्वांत जास्त दुखावले ते “काहीतरी राहून गेले असेल” या वाक्याने. आपले लेखन योग्य आहे आणि लोकांनी उपचार सोडू नयेत हे मलाही मनापासून वाटते. फक्त एवढेच वाचकांना कळावे की आजार परतणे ही प्रत्येक वेळी कोणाची तरी कसूर नसते. काही मुलांच्या आजाराच्या पेशींची घडणच अशी असते की औषधांना दाद देत नाहीत.

तासगावची आई

दादा, आपण लिहिलेत हे या धाग्यावर फार आवश्यक होते. आम्ही जे केले तेच आपणही केलेत, आणि तरीही आमचा मुलगा आमच्याजवळ आहे आणि आपली मुलगी नाही; याचे कोणतेही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. उपचार पूर्ण करणे म्हणजे बरे होण्याची संधी हातची जाऊ न देणे, एवढेच मी म्हणू शकते. यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि ज्यांचे मूल गेले त्यांच्याकडे संशयाने पाहण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. आपल्या मुलीला माझे मनापासून वंदन.

जिल्हा परिषद शिक्षिका, खटाव

माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी येत्या जूनपासून परत येणार आहे. शाळेने कोणती काळजी घ्यावी?

तासगावची आई

बाई, आपण आधीच विचारलेत याचे त्या आई-वडिलांना किती बळ वाटेल, ते मी सांगू शकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कांजिण्या आणि गोवर. वर्गातल्या कोणालाही यांपैकी काही झाल्याचे कळले की त्याच दिवशी पालकांना फोन करावा, कारण संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर द्यावे लागते. या मुलांना उपचार चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत, त्यामुळे शाळेतल्या लसीकरणाच्या मोहिमेत त्याला परस्पर लस टोचली जाऊ नये. खिचडी ताजी आणि गरम असेल तर डॉक्टरांना विचारून देता येते. व्हिन्क्रिस्टीनमुळे काही मुलांच्या पावलांतली शक्ती कमी होते, ती जिना चढताना अडखळतात. त्याला आळस समजू नये. आणि कर्करोग संसर्गजन्य नाही, हे पहिल्याच पालकसभेत आपल्या तोंडून सांगितले जावे. आमच्या मुलाच्या बाकावर बसायला एका मुलीला घरून मनाई होती. बाईंनी त्या आईशी शांतपणे बोलून ती दूर केली आणि ती मुलगी आजही त्याची मैत्रीण आहे.

कराडचा काका

ताई, मुंबईत उपचार सुरू झाले. आजार बी-सेल प्रकारचा आहे, कमी धोक्याच्या गटातला असल्याचे डॉक्टर म्हणाले. रेशनकार्डावर खरोखरच मुलीचे नाव नव्हते, तहसील कार्यालयातून ते घालून घेतले आणि योजनेची मंजुरी मिळाली. राहण्याची सोय धर्मशाळेत झाली आहे. पहिला महिना संपल्यावर काही दिवस कराडला सोडतील असे दिसते. गावी असताना ताप आला तर नेमके काय करायचे, हे वहिनींना समजावून सांगायचे आहे.

तासगावची आई

वाचून फार बरे वाटले. तापाचे नियम वहिनींना कागदावर लिहून द्या. काखेत मोजलेला ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर ती तातडीची वेळ समजावी, मग मूल हसत-खेळत का असेना. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, कारण ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल) पाचशेच्या खाली असतील तर काही तासांत प्रकृती ढासळू शकते, म्हणून रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे. गुदद्वारात थर्मामीटर किंवा औषध घालू नये. थंडी वाजून हुडहुडी भरली, मूल मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर ताप नसला तरी निघावे.

गावी येण्यापूर्वी कराडमधल्या एका रुग्णालयाशी बोलून ठेवा आणि मुंबईच्या डॉक्टरांकडून एका पानाची चिठ्ठी घ्या, ज्यात निदान, चालू औषधे, ताप आल्यास द्यायची प्रतिजैविके आणि संपर्काचा क्रमांक असेल. रात्रपाळीच्या डॉक्टरांना मुलीची सारी हकिगत पहिल्यापासून सांगण्यात वेळ जाऊ नये, यासाठी ती चिठ्ठी फार उपयोगी पडते. तिच्या दोन प्रती करून एक फाइलमध्ये आणि एक आपल्या गाडीत ठेवा. रात्री वाहन कोण काढणार, हेही शेजाऱ्यांशी आधीच ठरवून घ्या.